उतारावरचे आबा

“तोंडं बघू नको गो. हात बघ, हात.”

हे म्हणताना आबा स्वतःचे दोन्ही हात सैल सोडायचे आणि मनगटं झटकायचे, हात धुतल्यावर पुसायला काही नसलं की आपण झटकतो तसे. गर्दीतल्या माणसाचे हात असे लोंबत असले तर ठीक. ते वर येऊन छातीशी दुमडले की त्याच्याभोवतीची जागा संपली असं समजायचं. तो माणूस अजून हसत असतो, बायकोशी बोलत असतो, मोबाइलवर फोटो काढत असतो. त्याला काही कळलेलं नसतं. हातांना कळलेलं असतं. तुम्हीही कधी मोठ्या गर्दीत उभे राहिला असाल तर आठवून बघा. मी आठवून पाहिलं आणि मला ते खरं वाटलं.

आबा एका मनोरंजन पार्कात गर्दीचे मुकादम होते. बोरिवलीहून खाडी ओलांडून होडीने तिथे जावं लागतं. दर शनिवारी-रविवारी संध्याकाळी परेड निघायची आणि ती संपली की अर्ध्या तासाने आतषबाजी. मी तेव्हा एस.वाय.ला होते. नोव्हेंबर ते जानेवारी, सुट्टीच्या दिवसांपुरतं तिथे काम मिळालं होतं. पिवळं जॅकेट घालायचं, दोरी धरून उभं राहायचं, लोकांना वाट दाखवायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरी सगळ्यांना वाटतं की मला सगळं येतं, आणि कॉलेजात मला वाटतं की मला काहीच येत नाही. पार्कातलं ते जॅकेट घातल्यावर पहिल्यांदाच या दोन्हींच्या मधलं काहीतरी वाटलं होतं.

पहिल्या दिवशी जॅकेट माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“गो, खंयसून इलंस?”

“दहिसर,” मी म्हटलं.

“तां नाय. गाव खंय?”

“कणकवली.”

“मगे तसां सांग. दहिसर काय गाव आसा?” एवढं बोलून ते सगळ्यांशी बोलायच्या मराठीत आले. “जॅकेट मोठं आहे ते बरंच आहे. लांबून दिसशील.”

आबा साठीच्या जवळपासचे, उंचीने बेताचे आणि गुडघ्यांनी जरा वाकलेले. पूर्वी ते उपनगरातल्या एका सिनेमा थिएटरात दारावर होते. थिएटर बंद पडलं, तिथे टॉवर उभा राहिला आणि आबा इथे आले. थिएटरमधला टॉर्च अजून त्यांच्या खिशात असायचा. तो ते कुणाच्या तोंडावर कधीच मारत नसत. जमिनीवर मारायचे, आणि माणसं आपोआप त्या उजेडाच्या गोळ्यामागून चालू लागायची. मी तसं करून पाहिलं तर एक बाई म्हणाल्या, “काय हरवलंय का गं तुझं?”

दोरीही त्यांची वेगळी. आम्ही नवीन मुलंमुली दोरी ताणून धरायचो, रस्सीखेच असल्यासारखी. आबा दोन बोटांत धरायचे आणि मधे झोळ सोडायचे. “ताणलीस की त्यांना ढकलावीशी वाटते. ढिली असली की माणूस आपणच तिला लागत नाही.” मला हे विचित्र वाटलं होतं. पण खरंच, त्या लोंबत्या दोरीला ओलांडून कुणी गेलेलं मी पाहिलं नाही.

एकदाच एक गृहस्थ अडले. घाटकोपरहून आले होते, सोबत सगळं खानदान. “हमने भी टिकट लिया है, हम यहीं से जाएंगे,” असं मोठमोठ्याने चाललं होतं. मी दोरी आणखीच ताणली. आबा जवळ गेले, दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, “शेठ, दो मिनट पकडो ना. पानी पीके आता हूं.” आणि गेले. गृहस्थांनी अर्धा तास दोरी धरली. शेवटी शेवटी तर ते दुसऱ्यांवर ओरडत होते, “अरे भाई, दिखता नहीं? रस्सी है!” आबा माझ्या शेजारी कागदी कपातून पाणी पीत उभे होते. चेहरा अगदी गंभीर.

काही शब्द त्यांनी आम्हाला बंद केले होते. ‘पळू नका’ म्हणायचं नाही, कारण ज्याच्या डोक्यात पळायचं नसतं त्यालाही आठवण होते. ‘थांबा’ म्हणायचं नाही, ‘बसून बघा’ म्हणायचं. पुढच्या चार रांगा खाली बसल्या की मागच्यांना दिसतं आणि ढकलाढकलीच उरत नाही. आणि सगळ्यात मोठी बंदी ‘शेवटचा’ या शब्दावर. शेवटचा हत्ती, शेवटचा फटाका, शेवटची बोट, काहीच म्हणायचं नाही. “इथे सगळं पुढचं असतं,” आबा सांगायचे. “पुढची बोट. कुणी किती वेळा विचारलं तरी पुढचीच.”

हे ऐकून मी मान डोलावली होती. मनातून मात्र मला ते थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं. विचारणाऱ्याला खरं सांगू नये का?

आता त्या रविवारचं सांगते. ते नीट सांगायचा प्रयत्न करते, कारण त्यात चूक माझी आहे.

नाताळच्या सुट्टीतला रविवार होता. आमच्या पार्कातून बाहेर पडायला मुख्य वाट एकच: मैदानातून धक्क्याकडे जाणारा उतार. दोन्ही बाजूंना भिंती, मधे चार माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी जागा, खाली खाडी. उताराच्या तोंडाशी आमची दोरी. परेड नुकतीच संपली होती. परेडमध्ये सगळ्यांचा लाडका होता हत्ती. बॅटरीच्या गाडीवर बांधलेला, कापडाचा, अंगभर दिव्यांच्या माळा, हलणारे कान. पार्काशेजारच्या गावठाणातला ब्रायन पोटात बसून तो चालवायचा. हत्ती शेडच्या गल्लीत शिरला आणि मैदानात आतषबाजीसाठी माणसं जमू लागली. मी इतकी माणसं एका ठिकाणी आधी पाहिली नव्हती. मैदानाच्या त्या टोकापर्यंत नुसती डोकी, आणि सगळी आभाळाकडे तोंड करून वाट बघणारी. मला त्याचं भय वाटायला हवं होतं. पण मी बघतच राहिले होते.

तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, “अगं ए, बोट शेवटची किती वाजता?” त्यांच्यासोबत सासूबाई होत्या, त्यांचे पाय दुखत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ढोल अजून वाजत होते म्हणून मोठ्याने म्हणाले, “शेवटची नऊला आहे. पण आज ओहोटी आहे ना, लवकरही सुटेल कदाचित.”

ओहोटीची वेळ मी स्वतः फलकावर वाचली होती. मला वाटलं, मी त्यांना मदत केली.

बाईंनी मागे वळून नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने भावाला. मग मला दुसऱ्याच कुणाच्या तोंडून ते ऐकू आलं: “शेवटची बोट सुटतेय!” मग हिंदीत. मग गुजरातीत. काही क्षणांत मैदानातली डोकी आभाळाकडून उताराकडे वळली. समोरून, धक्क्याकडून, आतषबाजी बघायला लोक येतच होते, आणि आतले लोक बाहेर निघाले. दोघांच्या मधे आमची दोरी होती.

मी हात पाहिले. पर्स छातीशी, टिफिन छातीशी, दोन्ही मुठी हनुवटीखाली. एकामागून एक हात वर येत होते. एक माणूस अजून हसत होता आणि त्याचे कोपर बरगड्यांना चिकटले होते. मुलं तर दिसतच नव्हती. ती सगळी खाली होती, मोठ्यांच्या कमरेच्या पातळीला. उताराच्या भिंतीशी कुणीतरी किंचाळलं.

“आबा!” मी ओरडले. “मी बोलले, आबा. शेवटची म्हटलं मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. “ब्रायन, हत्ती बाहेर काढ. आत्ता.”

“अरे आबा, गल्लीत आहे मी. वळवायला जागा कुठाय?”

“वळवू नको. उलटाच आण.”

मग ते भिंतीच्या कठड्यावर चढले. त्या गुडघ्यांनी कसे चढले ते मला अजून कळलेलं नाही. भोंगा घेतला नाही. थिएटरच्या दारावर कमावलेला आवाज होता त्यांचा.

“मुलांना खांद्यावर घ्या! हत्ती परत येतोय! बच्चों को कंधे पे लो! हाथी आ रहा है!”

थांबा नाही, मागे व्हा नाही. एवढंच, परत परत.

आणि मुलं वर येऊ लागली.

हे मला तुम्हाला दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. आधी एक टोपीवाला मुलगा वर आला, मग दोन वेण्या, मग इकडे, मग तिकडे, मग सगळीकडून. मघाशी जिथे नुसती मोठी डोकी होती तिथे त्यांच्यावर दुसरी एक गर्दी उभी राहिली, लहानांची. मूल उचलायचं म्हणजे माणसाला थांबावं लागतं. शेजाऱ्याला सरकावं लागतं. खांद्यावर पोर बसलं की त्याचे पाय धरावे लागतात, आणि पाय धरलेला बाप धावत नाही. शेजारचाही त्याला धक्का देत नाही. हे सगळं मला नंतर उमगलं. तेव्हा मी तोंड उघडं टाकून बघत होते.

गल्लीतून आधी शेपटी आली. मग हत्तीचा मागचा भाग, दिवे लुकलुकत. गाडी रिव्हर्समध्ये होती म्हणून टुंई टुंई असा आवाज येत होता. “हत्ती उलटा चाललाय!” वरून एक पोर ओरडलं आणि सगळी मुलं हसायला लागली. मग त्यांना धरलेली माणसं वळून बघायला लागली. हत्तीच्या मागे मागे, म्हणजे खरं तर तोंडाकडे, गर्दी मैदानात पसरू लागली. उतारावरचा दाब सुटला. बरोबर त्याच वेळी पहिला बाण आभाळात फुटला आणि सगळ्या मैदानाने एकदम श्वास घेतला. मी लोकांकडे पाहिलं. हात खाली आले होते.

मग आबांनी पन्नास-पन्नास माणसं सोडली. दोरी दोन बोटांत. मुलं खांद्यावरच. “पुढची बोट आहे, आजी, सावकाश.” होडीवाल्यांनी जादा फेऱ्या मारल्या. सगळे पलीकडे पोचले, तेव्हा नऊ वाजून गेले होते. माझ्याकडे बघून आबा तेव्हा पहिल्यांदा बोलले.

“नऊ फलकावर असतात. माणसं उरली की बोट येते. इतक्या वर्षांत कुणाला इथे वस्तीला ठेवलंय काय मी?”

मला रडू आलं. तेव्हा ते उतारावर टॉर्च मारत होते. गर्दी गेल्यावर ते रोज उतारावर चपला शोधायचे. एखादी मिळायची, कधी एकही नाही. त्या दिवशी सहा मिळाल्या, सगळ्या एकेकट्या. पाच मोठ्या होत्या. सहावी माझ्या तळहातावर मावेल एवढी, निळी, पट्ट्यावर ससा. पट्टा उघडा. ती भिंतीशी पडली होती, जिथून किंचाळी आली होती तिथे.

आबा ती हातात घेऊन उभे राहिले. प्रथमोपचाराच्या खोलीत कुणी आलं नव्हतं, धक्क्यावरही कुणी तक्रार केली नव्हती. पण घाबरलेले आईबाप थेट घरी जातात, डॉक्टरकडे जातात, पार्काला कशाला कळवतील? चप्पल खांद्यावरून पडली होती, की पायाखाली सापडलेल्या मुलाच्या पायातून निघाली होती? ते सांगणारं कुणी नव्हतं.

“चल,” ते म्हणाले. “वहीत लिही.”

ऑफिसात साहेब नोंदवही मिटूनच बसले होते. “काही झालं नाही ना आबा? मग कशाला लिहायचं?”

“झालं. हिनं लिहायचंय.”

मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते मला वाचवतील. लिहिलं तर मला काढून टाकतील, आणि घरी काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं. आबा हळूच म्हणाले, “भियू नको गो. नाय लिहिलंस तर पुढच्या वर्षी तुझ्यासारखोच कोणीतरी परत बोलतलो.”

मी लिहिलं. कॉलेजात पेपर लिहिते तसं, समास सोडून. कुणी विचारलं, मी काय उत्तर दिलं, किती मोठ्याने. आबांनी ते दोनदा वाचून घेतलं. नंतर म्हणाले, “सासूचे पाय दुखत होते, तां पण लिही. तू उगीच नाही बोललीस.”

साहेबांनी मला काढलं नाही. दोरीवरून उचललं आणि हरवलं-सापडलंच्या खिडकीत बसवलं. पाच मोठ्या चपलांपैकी चार आठवड्याभरात गेल्या. एक काका तर म्हणाले, “दुसरी फेकून दिली हो मी. आता ही घेऊन काय करू?” आणि तरी घेऊन गेले. निळी चप्पल मात्र फळीवर तशीच. आबा रोज पार्क उघडायच्या आधी खिडकीशी यायचे, फळीकडे बघायचे.

“इलां कोण?”

“नाही, आबा.”

एवढंच. कधी माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. एकदा मी म्हटलं, “आबा, तिला काही झालं असेल तर?” ते म्हणाले, “ती कशावरून? तो पण असेल.” आणि गेले. पण जाताना त्यांनी चप्पल उलटी करून तळ बघितला, जणू त्यावर काही लिहिलेलं असावं.

त्या हंगामानंतर आबा गावी निघून गेले. गुडघे चालेनात. मी परीक्षेत होते, मला कळलंही उशिरा. आता उतारावर लोखंडी कठडे आहेत आणि खांबावर कॅमेरे. त्या जानेवारीतल्या एका शनिवारची संध्याकाळ हीच माझ्याजवळची त्यांची अखेरची आठवण.

खिडकीशी एक जोडपं आलं. मुलुंडहून आलं होतं. बाबांच्या खांद्यावर तीनेक वर्षांची मुलगी. आईने पिशवीतून एक निळी चप्पल काढली, सशाची. “हिची दुसरी इथे पडली होती. नाताळात. मिळणार नाहीच म्हणा, पण ही टाकूच देईना. रोज विचारते, माझा ससा कुठाय.”

माझा हात फळीवर जाईना. मी वॉकी-टॉकी उचलला. “आबा. या. आली.”

परेड सुरू व्हायला दहा मिनिटं होती. त्या वेळेला आबा दोरी सोडत नाहीत हे सगळ्या पार्काला माहीत होतं. ते आले. टोपी हातात, दम लागलेला. मुलीच्या बाबांना म्हणाले, “हिला जरा खाली ठेवा.”

मुलीला बाकावर बसवलं. आबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. उजवा पाय हातात घेतला. घोटा फिरवला. एकेक बोट हलवून पाहिलं, करंगळीपर्यंत. मग डावा पाय, तसाच. मुलीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली. तिचे आईबाबा एकमेकांकडे बघत होते.

“त्या दिवशी काय झालं होतं?” आबांनी विचारलं. मान वर न करता.

“कुठे काय? खांद्यावर होती ना माझ्या,” बाबा म्हणाले. “हत्ती उलटा आला तेव्हा लाथा झाडत होती नुसत्या. तेव्हाच उडाली असेल. का हो?”

आबांनी तिचे पाय अलगद खाली सोडले. मग माझ्याकडे वळून, अगदी बारीक आवाजात म्हणाले, “हिका कायेक जावक नाय गो.”

मी चप्पल दिली. त्यांनी दोन्ही तिच्या पायांत घातल्या, पट्टे लावले.

“आजोबा, उलट्या घातल्यात,” मुलगी म्हणाली.

“खरंच की,” आबा म्हणाले आणि दोन्ही पट्टे पुन्हा सोडू लागले. बाहेर ढोल सुरू झाले होते. त्यांच्या कमरेच्या वॉकी-टॉकीवर दोरीकडून कुणीतरी विचारत होतं, “आबा, सोडू का? आबा?” ते तिच्या पायाशी बसून होते.